नावेचीं भोंकें

दवनीवाड्याच्या वाटेवर एका बोडीच्या पाळीवर एक वृद्ध धीवर आपला डोंगा पालथा घालून त्याच्या पोटास पडलेली चीर बुजवीत बसला होता. शेजारीं तीन दगडांच्या चुलीवर एका फुटक्या डब्यांत राळ व तेल उकळत होतें. आमचा जन्म वसईच्या किनाऱ्यावरचा. तो वास नाकांत शिरतांच आम्हीं गाडी थांबविली व त्याच्याजवळ जाऊन बसलों. बोलतां बोलतां समुद्रावरील नावांची गोष्ट निघाली. आम्हीं त्यास सांगितलें कीं, आमच्याकडील नावेस वरून फळ्यांचा पाट असतो, त्यास हल्लीं सर्वजण डेक म्हणतात. त्या डेकवर दोर बांधण्याचे खुंटे असतात, लोखंडी कडीं असतात, जाळें ओढण्याचें विंच असतें, माशांच्या खणाचीं झांकणें असतात, आणि हें सर्व बोल्टांनीं जखडलेलें असतें. म्हाताऱ्यानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें व मग विचारलें, “फादर, जी नाव पाण्यावर चालवायची तिला तुमचे लोक एवढीं भोंकें पाडतातच कशाला?”

आम्हीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. परंतु तें त्यास पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि पटलें नाहीं. आतां या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहून द्यावें अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली आहे. धर्मग्रामाचा इतिहास आमच्याहून अधिक जाणत्या हातांनीं याच पुस्तकांत अन्यत्र लिहिला आहे. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, त्या म्हाताऱ्याचें राहून गेलेलें उत्तर द्यावें. वाचकांस विषय क्षुद्र वाटेल. पण ज्यांचे बापजादे समुद्रावर गेले आहेत त्यांस तो तसा वाटणार नाहीं.

प्रथम डोंग्याविषयीं. डोंगा म्हणजे एका खोडाची नाव. मोठें खोड निवडून तें आंतून कोरावयाचें, बाहेरून तासावयाचें, कीं नाव तयार झाली. तिला जोड नाहीं, फट नाहीं, खिळा नाहीं. आपल्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत तलावांची वाण नाहीं. कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव, त्यांत नवेगांवबांध हा सर्वांस ठाऊक असलेला, आणि गांवोगांवच्या असंख्य बोड्या यांच्या पाण्यावर धीवरांचा डोंगा पिढ्यान् पिढ्या फिरत आला आहे. १९१६ सालीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत धीमरांचे व्यवसाय सांगितले आहेत ते असे: मासे धरणें, पालखी वाहणें, पाणी भरणें आणि तलावांत शिंगाडे लावणें. शिंगाड्याच्या वेलींतून हलकेंच सरकावयास डोंग्यासारखें दुसरें वाहन नाहीं. त्याचा शत्रु एकच, तो म्हणजे ऊन. उन्हाळ्यांत बोडी आटली व डोंगा कोरडा पडला कीं लांकूड तडकतें. तेवढी चीर राळेनें भरली म्हणजे झालें. ज्यानें जन्मभर अशीच नाव हांकली त्यास भोंकांचें नवल वाटावें हें स्वाभाविकच होय.

परंतु समुद्रास डोंगा पुरत नाहीं. समुद्राची लाट कांठावरून आंत येते, आणि उघड्या नावेंत लाटेमागून लाट शिरूं लागली म्हणजे उपसणाऱ्याचे हात थकतात, लाट थकत नाहीं. म्हणून नावेस वरून झांकावें लागलें. झांकलें म्हणजे त्या झांकणावर उभें राहून काम करावें लागतें. काम करावयाचें तर दोर कोठें तरी बांधला पाहिजे. आणि जेथें दोर बांधावयाचा, तेथील खुंटा नुसत्या चिकटविण्यानें राहत नाहीं, तो आरपार जखडावा लागतो. भोंकें पाडण्याचें कारण इतकेंच. लाटेपासून वांचण्यासाठीं डेक आला आणि डेकचा उपयोग व्हावा म्हणून त्यासच छिद्रें पाडावीं लागलीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती किनाऱ्यावरील माणसांसहि पुष्कळदां ठाऊक नसते. नावेचा तळ सदा पाण्यांत असतो. पाण्यानें लांकूड फुगतें, फळी फळीस दाबते, आणि तळाच्या फटी आपणच मिटतात. नवी किंवा बरेच दिवस कोरडी राहिलेली नाव पाण्यांत लोटतांच गळते व दोन दिवसांनीं गळणें थांबतें, तें याचमुळें. डेकची स्थिति उलट आहे. तो दिवसा उन्हांत वाळतो, रात्रीं दंवानें भिजतो, पुनः वाळतो. फळ्या आकसतात व फुगतात. लोखंडी बोल्ट मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळें बोल्टाभोंवतीं केसाएवढी फट पडते, आणि कड्यास दोराचा हिसका बसला कीं ती थोडी रुंदावते. शिवाय डेकवर जें पाणी सांचतें त्यांत पावसाचें गोडें पाणी पुष्कळ असतें. खारें पाणी लांकडास एका अर्थीं मिठांत मुरवितें, त्यांत कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाहीं. गोडें पाणी मात्र लांकडाच्या पोटांत शिरून तेथेंच राहिलें म्हणजे बुरशीस हवें तें सर्व मिळतें. भोंक पाडतांना लांकडाच्या शिरा कापल्या जातात, व त्या कापलेल्या तोंडांतून पाणी नळींतून चढावें तसें आंत ओढलें जातें. म्हणून पुष्कळ नावांचा अंत खालच्या समुद्रानें होत नाहीं, वरच्या पावसानें होतो. वरून रंग चांगला असतो, आणि आंतील तुळई हातानें चुरगळावी अशी झालेली असते.

आतां हें पाणी अडविण्याच्या विद्येचा इतिहास पाहूं. या विद्येचा अगदीं जुना उल्लेख आपल्या वाचकांस पाठ आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत नोहास तारूं आंतून व बाहेरून डांबरानें लिंपण्याची आज्ञा होते, आणि निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायांत मोशेची आई लव्हाळ्यांची पेटी तशीच लिंपून नदींत सोडते. नोहाच्या गोष्टींत डांबरासाठीं जो हिब्रू शब्द योजिला आहे त्याचीं अक्षरें व प्रायश्चित्त या अर्थाच्या शब्दाचीं अक्षरें एकच आहेत. झांकणें असा त्यांचा मूळ अर्थ सांगतात. सेमिनरींत हें शिकविलें गेलें तेव्हां वर्गांतील इतरांस तें व्याकरण वाटलें; आम्हांस मात्र काकांच्या नावेवरील डबा आठवला. त्याचें कारण पुढें येईल.

आपल्या पश्चिम समुद्रावर प्राचीन काळीं खिळ्यांचीं जहाजें थोडीं आणि शिवलेलीं फार. फळ्यांच्या कडांस भोंकें पाडून त्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवीत. तेराव्या शतकांत मार्को पोलो होर्मुझच्या बंदरीं आला, तेव्हां त्यानें अशीं जहाजें पाहिलीं: लोखंड नाहीं, डांबर नाहीं, नुसतें माशांचें तेल चोपडलेलें. त्यास तीं अगदीं भिकार वाटलीं. आम्हांस त्याचें मत सर्वस्वी मान्य नाहीं. शिवलेली नाव लाटेबरोबर वांकते, आणि किनाऱ्याच्या वाळूवर आपटली तरी लगेच फुटत नाहीं. तथापि शिवणीचीं भोंकें शेंकड्यांनीं असत व प्रत्येक भोंक काथ्यानें आणि तेलानें बुजवावें लागे, हें खरें. तेव्हां आमच्या धीवर मित्राचा प्रश्न मार्को पोलोच्या वेळींहि विचारतां आला असता.

खिळ्यांचें काम पुढें सर्वत्र झालें. पण सुरतेच्या सुतारांनीं त्यांत जी करामत केली ती युरोपियन लोकहि पाहत राहिले. ग्रोस नांवाच्या इंग्रजानें आपल्या १७५७ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं, सुरतेच्या जहाजांच्या फळ्या एकमेकींत खांचेंत बसविलेल्या असल्यामुळें सांध्यांतून पाणी शिरूं शकत नाहीं. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत स्टाव्होरिनस नामक डच दर्यावर्दी सुरतेस आला. त्यानें ही कृति अधिक बारकाईनें सांगितली आहे. बसविलेल्या फळीच्या कडेस शेंदूर लावीत; तीवर दुसरी फळी ठेवून दाबीत; जेथें शेंदूर उठे तेथें उंचवटा आहे हें समजे, व तेवढाच भाग तासून काढीत. असें करीत करीत दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या म्हणजे त्यांस कालांतरानें लोखंडासारखा घट्ट होणारा एक लेप देत, त्यावर कापसाचा पातळ थर पसरीत आणि मग फळ्या कायमच्या जोडीत. युरोपांत फट आधीं ठेवीत आणि मागाहून तींत दोर ठोंसून बुजवीत. सुरतेंत फटच राहूं देत नसत. याच सुरतेहून १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि मुंबईच्या गोदीस त्यांच्या घराण्यानें नांव मिळवून दिलें. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं बांधलेलें व १८१७ सालीं पाण्यांत उतरविलेलें त्रिंकोमाली हें सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगत आहे. दोनशें वर्षें उलटून गेलीं!

आमच्या वसईकडील माणसांचाहि या इतिहासांत भाग आहे. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. या दोन शतकांत तेथें जहाजाचें काम जाणणारा मोठा कारागीरवर्ग तयार झाला. शिवाजीमहाराजांनीं कल्याण व भिवंडीकडे आपलें आरमार बांधावयास घेतलें तेव्हां १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगस नांवाच्या पोर्तुगीजाच्या हाताखालीं तीनशेंहून अधिक माणसें त्या कामावर होतीं. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें त्यांस फोडून परत बोलाविलें व तीं काम टाकून निघून गेलीं. पण तोंपर्यंत मराठ्यांच्या सुतारांनीं काय पाहावयाचें तें पाहून घेतलें असावें. कारण आरमार कांहीं थांबलें नाहीं. त्या काळाची खूण भाषेंतहि आहे. फटी बुजविण्याच्या कामास व तें करणाऱ्या कारागिरास बंदरोबंदरीं कालापत्ती म्हणत. यूल व बर्नेल यांनीं आपल्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशांत हा शब्द पोर्तुगीज कालाफातेपासून आल्याचें सांगून, त्याचें मूळ पुनः अरबींत दाखविलें आहे. म्हणजे शब्द पूर्वेकडून पश्चिमेस गेला व नवा पोशाख करून परत आला.

येथवर वाचून आमचे दवनीवाड्याकडील वाचक म्हणतील कीं, हें सर्व समुद्राचें झालें, यांत आमचें काय? त्यांचें पुष्कळ आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच.

ज्या राळेनें जहाजांच्या फटी भरीत, ती राळ म्हणजे सालवृक्षाचा डीक. आपल्याकडे सागाचें राज्य आहे. पण वैनगंगेच्या वरच्या अंगास बालाघाटाच्या बैहर पठारावर व मंडल्याकडे जावें, कीं सालाचें अरण्य सुरू होतें. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या वनाधिकाऱ्याच्या १८७१ सालीं छापलेल्या मध्य हिंदुस्थानाच्या डोंगराळ मुलुखावरील पुस्तकांत, या राळेसाठीं सालाच्या बुंध्याभोंवतीं साल काढून झाडांचा कसा नाश केला जात होता याची तक्रार आहे. पानांतील अन्न खालीं मुळांकडे नेणारी वाटच तोडल्यावर झाड किती दिवस जगणार? अशा रीतीनें दूरच्या बंदरांतील फटी मिटविण्यासाठीं आमच्या डोंगरांतील झाडांस जखमा होत होत्या. त्या काळीं हा माल बैलांच्या पाठीवरून जाई. गोंदियास रेल्वे आली ती १८८० नंतरच्या दशकांत, आणि सातपुड्यांत शिरणारा अरुंद रुळांचा फांटा विसाव्या शतकाच्या आरंभीं.

दुसरी वस्तु जवसाचें तेल. भाताचें पीक उभें असतांच बांधींतील ओलीवर जवस फेंकण्याची रीत आपल्या भागांतील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. जवसाचें तेल हवेंत सुकतें आणि त्याची कातड्यासारखी लवचीक साय होते. तिळाच्या किंवा नारळाच्या तेलास हा गुण नाहीं. म्हणून चुना व जवसाचें तेल कुटून जो पाणी न शिरणारा गारा होतो, ज्यास गलगल म्हणत, त्याचा उपयोग दर्यावर्दी करीत. आणि शेंदूर व जवसाचें तेल यांचा लगदा तर लोखंड व लांकूड यांच्या सांध्यासाठीं सर्वत्र वापरीत. तिसरी वस्तु सण. ज्या सणाचे दोर व जाळीं आमचे केवट लोक वळीत आले, त्याचाच धागा या लगद्यांत भिजवून बोल्टाच्या गळ्यांत घालावयाचा. तेव्हां सालाची राळ, बांधींतील जवस आणि सणाचा धागा यांची जन्मभूमि हाच मुलूख. डेक ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं त्यांच्या शेतांतून आणि रानांतून डेक वांचविण्याचें साहित्य जात होतें. आणखी एक गोष्ट सहज आठवली म्हणून लिहितों. फ्रान्सिस द सेल्स मंडळाचे जे मिशनरी १८४६ सालीं विशाखापट्टणास आले आणि ज्यांच्या श्रमांतून पुढें १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत निराळा झाला, ते समुद्रमार्गानेंच आले. लांकडी जहाजांचें तें युग होतें. त्यांच्या डोक्यावरील डेकहि कोणी तरी अशाच लगद्यानें बुजविलेला असणार.

बोल्ट बसविण्याची जुनी रीत आम्हीं काकांच्या हाताखालीं शिकलों, ती थोडी विस्तारानें सांगतों. कारण ती कोठें लिहून ठेवलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रथम डेकच्या खालच्या अंगास जाड लांकडाचा ठोकळा देत, म्हणजे ओढीचा जोर एका फळीवर न येतां तिच्या शेजाऱ्यांवरहि वांटला जाई. मग गिरमिटानें भोंक पाडीत, तें बोल्टाहून सुताएवढें बारीक. भोंकाच्या आंतील कापलेल्या लांकडास ऊन तेल पाजीत. एकदां नव्हे, लांकूड पिणें थांबवीपर्यंत. मग शेंदुराच्या लगद्यांत बुडविलेल्या सणाचे दोनतीन वेढे बोल्टाच्या डोक्याखालीं देत. वेढे आवळण्याच्या दिशेनेंच घालावे लागत. उलट घातले तर आवळतांना सुटतात. बोल्ट वरून ठोकून बसविल्यावर त्याचें डोकें एकानें घट्ट धरावयाचें आणि दुसऱ्यानें खालीं शिरून वायसर घालून नट फिरवावयाचा. बोल्ट स्वतः फिरूं द्यावयाचा नाहीं, कारण तो फिरला कीं भरलेला लगदा फाटतो व फट जेथल्या तेथें राहते. चोहोंकडून शेंदुराची बारीक तांबडी कडा बाहेर आली म्हणजे काका मान हलवीत. ती कडा न दिसली तर बोल्ट काढून सर्व पुनः करावें लागे. शेंदूर हें शिशाचें विष आहे आणि आम्ही तें उघड्या बोटांनीं कालवीत होतों, हें कळावयास आम्हांस फार वर्षें लागलीं.

१९८४ सालीं आम्ही चौदा वर्षांचे होतों. पावसाळ्यांत नाव ओढून किनाऱ्यावर झावळ्यांखालीं ठेवलेली होती आणि काकांनीं डोल ओढण्यासाठीं नवें विंच विकत घेतलें होतें. त्यास आठ बोल्ट. सहा बसले. राहिलेले दोन नाळेकडील कोंपऱ्यांत असे अडचणींत होते कीं, खालीं पोटावर सरपटत जावें लागे. त्या दिवशीं गांवांत फुटबॉलचा सामना होता. काका वर डोकें धरून बसले होते व आम्ही खालीं होतों. सणाचा तुकडा व लगदा आमच्या हातांत द्यावा व वायसराखालीं आम्हीं तो घालावा अशी त्या दोन जागीं व्यवस्था होती, कारण तेथें वरून हात पुरत नव्हता. आम्हीं ते दोन बोल्ट कोरडेच आवळले. लगदा बोटास फांसून बाहेर आलों. काकांनीं आमची तांबडी बोटें पाहिलीं व जावयास सांगितलें.

तीन हंगाम कांहीं झालें नाहीं. चौथ्या हंगामांत, डोल भरून आलेली असतांना, विंच त्या दोन बोल्टांकडून उखडलें व एक फळी घेऊन वर आलें. खालची तुळई ओल्या भुशासारखी झाली होती. ताणलेला दोर सुटून आमच्या चुलतभावाच्या हातावर बसला. त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. तो वांचला ही देवाची कृपा. उघडलेल्या डेकमधून लाटा आंत येत होत्या, आणि चौघे जण रात्रभर पाणी उपसीत नाव घेऊन परत आले. पुढच्या वर्षीं काकांनीं ती नाव विकली. त्याच वर्षीं आम्ही सेमिनरींत गेलों.

ही गोष्ट आम्हीं पापनिवेदनांत अनेकदां सांगितली असेल. काकांस मात्र सांगितली नव्हती. आमच्या दीक्षेच्या दिवशीं, जेवणाची पंगत उठल्यावर, ते अंगणांत एकटे बसलेले पाहून आम्हीं त्यांस सर्व सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “फादर, ते बोल्ट मींच काढले होते. खालच्या आट्यांवर शेंदराचा ठिपका नव्हता. मला तेव्हांच कळलें.” जन्मभर ते आम्हांस बाळ म्हणत आले होते, फादर म्हणून त्यांनीं हांक मारली ती त्या दिवशीं प्रथमच.

असो. आतांच्या नावा निराळ्या आहेत. १९५२ सालीं भारत व नॉर्वे यांच्यांत मच्छीमारीसंबंधीं करार झाला व केरळांत यांत्रिक नावांचा प्रयोग सुरू झाला. १९५७ सालीं कोचीन येथें मत्स्यतंत्राची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तिनें नावेच्या लांकडावर व तें टिकविण्यावर पुष्कळ संशोधन केलें. पुढें काचतंतूंच्या म्हणजे फायबरच्या नावा आल्या. लोकांस वाटलें, आतां सांधा नाहीं, तेव्हां चिंता नाहीं; डोंग्याप्रमाणें एकसंध नाव पुनः मिळाली. पण फायबरच्या डेकच्या पोटांत पुष्कळदां प्लायवूड किंवा हलकें लांकूड असतें, आणि खुंट्यासाठीं भोंक पाडलें कीं पुनः तोच प्रसंग! उलट फायबरच्या दोन थरांत सांपडलेलें पाणी बाहेर निघावयास वाटच नसते, त्यामुळें कुजणें अधिक गुपचूप चालतें. जाणते कारागीर म्हणून आधीं मोठें भोंक पाडतात, आंतील लांकूड थोडें कोरून काढतात, ती जागा इपॉक्सीनें भरतात, आणि ती कठीण झाल्यावर तिच्या मध्यांतून बोल्टाचें भोंक पाडतात. म्हणजे बोल्टाचा लांकडाशीं संबंधच येत नाहीं. भोंकाच्या तोंडाशीं लहानशी उतरण देतात, तीत रबरासारखा राहणारा पॉलियुरेथेनचा लगदा बसतो व बोल्टाच्या गळ्याभोंवतीं त्याचें कडें तयार होतें. नट मात्र अजून खालूनच फिरवितात. जेथें साधें सिलिकोन वरून फांसून काम संपविलेलें दिसतें, तेथें आम्हांस दोन कोरडे बोल्ट आठवतात. स्टेनलेस स्टील गंजत नाहीं हाहि एक भ्रम आहे. ओल्या लांकडांत, जेथें हवा पोंचत नाहीं, तेथें तेंहि कोंपऱ्याकोंपऱ्यांतून खाल्लें जातें, आणि वरील चकाकणारें डोकें पाहून कोणास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत दरवर्षीं एक तरी बोल्ट काढून त्याचें अंग पाहावें, असें आम्ही किनाऱ्यावरील आमच्या आप्तांस सांगत असतों. ते ऐकतात कीं नाहीं तें त्यांचें त्यांस ठाऊक.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही पुनः त्या बोडीवर गेलों. म्हातारा तेथेंच होता. आम्हीं त्यास हें सर्व उत्तर सविस्तर सांगितलें: लाट, डेक, खुंटा, भोंक, राळ, जवस, सण. आपल्याकडील राळेनें जहाजें चालत हें ऐकून तो खूष झाला. राळ आतां महाग झाली, म्हणाला; गोंदियाच्या बाजारांतून एम-सीलची पुडी आणतों, ती पाण्यांतहि धरते. मग थोडा वेळ थांबून त्यानें आपला डोंगा आमच्याकडे वळविला. ज्या चिरेंत त्यानें त्या दिवशीं राळ भरली होती ती पुढें वाढली होती, आणि तिच्यावर आतां तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून ठोकलेला होता.

“मोजा,” तो म्हणाला, “किती खिळे मारले ते.”

आम्हीं वांकून मोजले. सत्तावीस होते, आणि प्रत्येकाच्या डोक्याभोंवतीं काळ्या डांबराची कडा बाहेर आलेली होती.